आधार कार्ड होतं, तरी काठमांडूच्या विमानात का बसू दिलं नाही?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. नागपूरच्या मनीषनगरातलं पाच जणांचं कुटुंब. वडील ७१, आई ६७, तुम्ही ४४, पत्नी ४१ आणि अकरावीतला मुलगा १६ वर्षांचा. नागपूर–दिल्ली एक तिकीट, दिल्ली–काठमांडू दुसरं, दोन्ही वेगवेगळी काढलेली. आधी पशुपतिनाथ, मग पोखरा, एकूण सहा रात्री. प्रत्येकाजवळ आधार कार्ड. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून विमान वेळेवर सुटलं, दिल्लीला पोचलात, आणि काठमांडूच्या काउंटरवर सांगण्यात आलं की आजी-आजोबा जाऊ शकतात, तुम्ही तिघं नाही. त्यांना एकटं कसं पाठवणार? पाचही जण रात्रीच्या विमानाने परत आलात. तुमचा पासपोर्ट मात्र घरी आलमारीत होता, कारण ‘नेपाळला पासपोर्ट लागत नाही’ असं सगळ्यांनीच सांगितलं होतं. आता तुम्ही तीन गोष्टी विचारता: चूक कोणाची, पैसे परत मिळतील का, आणि दिवाळीत पुन्हा जायचं तर काय तयारी करायची.

धंतोलीत तिकीट आणि व्हिसाचं काम करते त्याला २३ वर्षं झाली. आईबाबांना घेऊन निघालेला माणूस अशा रीतीने रिकाम्या हाताने परत येतो, तेव्हा पैशापेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, हे मी माझ्याच ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेल्या लोकांकडून अनेकदा ऐकलंय. म्हणून स्पष्ट सांगते: काउंटरवरच्या मुलीने नियमाप्रमाणेच केलं. पण तुमच्या पाच जणांना त्याच दिवशी, त्याच विमानात बसता आलं असतं. त्यासाठी लागणारा मुख्य कागद तुमच्या घरी होता.

नेपाळचा नियम आधी नीट बघू. भारत आणि नेपाळमध्ये १९५० चा मैत्री करार आहे, त्यामुळे आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही. नागपूरकरांची आधीची पिढी राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूरला उतरायची, तिथून जीपने सोनौली, आणि सीमेवरची कमान चालत ओलांडली की झालं नेपाळ. कोणी कागद मागितला तर मागितला. त्या प्रवासाच्या आठवणी घरोघरी आहेत, आणि ‘नेपाळले कुठं पासपोर्ट लागते?’ हे वाक्य तिथूनच आलंय. विमानाचं मात्र वेगळं आहे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या विमानाचं अपहरण झालं, आणि त्यानंतर भारत–नेपाळ विमानप्रवासाला ठरावीक ओळखपत्राची सक्ती आली.

ही ठरावीक ओळखपत्रं दोनच धरून चला: चालू पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार त्यात नाही. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. ही सवलत केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये दिली. त्या वयोगटांना पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशन कार्ड अशी फोटोची इतर कागदपत्रंही चालतात, वय आणि ओळख पटली म्हणजे झालं. म्हणूनच तुमच्या आईवडिलांना परवानगी मिळाली. १५ ते १८ च्या मुलांसाठी शाळेच्या किंवा कॉलेजच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळख दाखला चालतो. तुमचा मुलगा नेमका त्या तीन वर्षांत सापडला. आधारच्या सवलतीसाठी तो मोठा, आणि मतदार यादीसाठी लहान.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्हाला कोणीच सांगितलेलं नाही. नवरा, बायको, अल्पवयीन मुलं आणि आईवडील असं कुटुंब एकत्र जात असेल, तर भारत सरकारच्या नियमाप्रमाणे त्यातल्या एका मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असलं तरी पुरतं. बाकीच्यांनी आपला फोटो असलेलं काहीतरी ओळखपत्र आणि एकमेकांचं नातं दाखवणारा कागद ठेवायचा: रेशन कार्ड, लायसन्स, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र, सीजीएचएसचं म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड. म्हणजे तुमचा पासपोर्ट बॅगेत असता, सोबत रेशन कार्ड आणि मुलाच्या कॉलेजचं ओळखपत्र असतं, तर तुमचं म्हणणं नियमात बसत होतं. तरी एक सावधगिरी. हा भाग काउंटरवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ नसतो. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर तो असतो, त्या पानाची छापील प्रत सोबत ठेवा आणि शांतपणे पुढे करा. आणि हा नियम अडचणीच्या वेळी हाताशी असावा इतपतच. त्यावर भिस्त ठेवून घरून निघू नका, जमेल तितक्यांनी स्वतःचा पक्का कागद घ्या.

काउंटर इतका कडक का असतो, हेही समजून घ्या, म्हणजे तिथे वाद घालण्यात वेळ जाणार नाही. कागद अपुरे असलेला प्रवासी विमान कंपनीने परदेशात नेऊन उतरवला, तर बहुतेक देश कंपनीला दंड करतात आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच पडते. आपल्याकडेही २००० च्या कायद्यात, अपुऱ्या कागदांचा माणूस भारतात आणणाऱ्या कंपनीला एक लाख रुपये दंड होता. २०२५ च्या नव्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली. म्हणून चेक-इनची व्यक्ती समोरच्या संगणकावर टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत बघते. कुठल्या देशाचा नागरिक, कुठे चाललाय, कुठून जातोय, एवढं टाकलं की काय लागतं ते तिथे दिसतं. तिथे ‘नाही’ दिसलं तर तिच्या हातात काही उरत नाही. ‘माझ्या मेहुण्याला मागच्या वर्षी जाऊ दिलं’ हे तिथे चालत नाही. मॅनेजरला बोलवा म्हटलं, तर मॅनेजरही त्याच पडद्याकडे बघतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. हे दुखणं खास नागपूरचं आहे. आपल्याकडून थेट परदेशी विमानं मोजकीच. त्यामुळे आपला जवळजवळ प्रत्येक परदेश प्रवास देशांतर्गत विमानाने सुरू होतो, दिल्लीला नाहीतर मुंबईला. देशांतर्गत विमानाला आधार दाखवलं की गेटवरचा जवान आत सोडतो, बोर्डिंग पास मिळतो, बॅगा जातात. माणसाला वाटतं, कागद तपासून झाले. प्रत्यक्षात परदेशाचे कागद कोणी बघितलेलेच नसतात. ते बघितले जातात हजारेक किलोमीटर दूर, आणि तोपर्यंत हवा असलेला कागद घरच्या आलमारीत, आलमारीची किल्ली पर्समध्ये, आणि पर्स दिल्लीत. मुंबईकराचा भाऊ अंधेरीहून रिक्षाने पासपोर्ट आणून देतो. आपल्याला तसं करता येत नाही.

दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असतील, तर सोनेगावच्या काउंटरवरच पुढच्या देशाचे कागद मागितले जाण्याची शक्यता बरीच असते. तिथे अडलं तर मनीषनगर गाडीने किती दूर? दहा-पंधरा मिनिटं. तुमच्या बाबतीत हजार-दोन हजार रुपये वाचवायला तिकिटं तोडून काढली गेली आणि ती संधीच गेली. तिकीट तोडून काढू नका असं मी म्हणत नाही, मीसुद्धा काढते. पण तोडलेलं तिकीट असेल तर सोनेगावचा काउंटर आपल्यासाठी काही तपासणार नाही, ते काम आपल्यालाच घरी करायचंय, हे धरून चालावं लागतं.

दिल्लीत त्या क्षणी काय करता आलं असतं? हे पुढे कोणाच्याही कामी येईल. पहिलं म्हणजे विमान सुटण्याआधी तारीख बदलून मागायची. विमान निघून गेलं की कंपनीच्या लेखी तुम्ही ‘नो-शो’ होता, आणि मग बहुतेक भाडं बुडतं. काही कंपन्या सुटण्याच्या काही तास आधीपर्यंतच बदल घेतात, म्हणून काउंटरवर ‘नाही’ ऐकल्याच्या मिनिटाला एकाने रांगेतून बाहेर पडून कंपनीला फोन लावायचा, दुसऱ्याने काउंटरवर लेखी बदल मागायचा. दुसरं म्हणजे परतीचं तिकीट. जाण्याचा टप्पा चुकला की त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे सहसा आपोआप रद्द होतात, ते वाचवायचे असतील तर त्याच वेळी सांगावं लागतं. तिसरं, नागपुरात कोण आहे? ज्याच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे असा माणूस पुढच्या विमानाने तुमचा पासपोर्ट आणि रेशन कार्ड घेऊन आला असता, तर दिल्लीत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. खर्च झाला असता, पण सहा रात्रींतल्या पाच वाचल्या असत्या. माझ्या एका गिऱ्हाईकाने हेच केलं. शेजारच्या काकांनी आलमारीतला डबा व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवला, त्यातून पासपोर्ट काढला आणि संध्याकाळच्या विमानाने स्वतः दिल्ली गाठली. त्या काकांना कुटुंबाने पुढच्या वर्षी सोबत नेपाळला नेलं.

पैशांचं. कागद अपुरे म्हणून नाकारलं गेलं तर ते ‘डिनाइड बोर्डिंग’च्या भरपाईत बसत नाही. ती भरपाई जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यावर कंपनी प्रवाशाला अडवते तेव्हाची. प्रवास विमाही सहसा कागदांची चूक भरून देत नाही. पण भाडं परत मिळणार नसलं, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं, तुम्ही नो-शो असलात, तरी न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफ-पीएसएफ ही शुल्कं, एवढी रक्कम कंपनीने परत द्यायची असते. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा तसा नियम आहे. पाच जणांचं जाणं आणि येणं मिळून ही रक्कम सोडून देण्यासारखी नसते. पीएनआर लिहून कंपनीला मेल करा, ‘न वापरलेल्या प्रवासाचे कर व शुल्क परत करावे’ एवढंच मागा. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर त्याच्याकडून मागा. पोखऱ्याच्या हॉटेलला आजच लिहा. ऑफ-सीझन असेल तर तारीख पुढे ढकलून देतात, रद्द केलं तर मात्र पैसे जातात.

नेपाळपुरतं झालं, पण ‘व्हिसा लागत नाही’ हे ऐकून निश्चिंत होणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडं सांगते. थायलंडला १ मे २०२५ पासून प्रत्येकाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं पुष्कळ निघालीत, त्यांच्या नादी लागू नका. सिंगापूरलाही असंच अरायव्हल कार्ड आहे, तेही फुकट, आणि तिथे आपल्याला व्हिसाही लागतो. केनियाच्या जंगलात जाणारे आपल्याकडे वाढलेत. ताडोबा-पेंच बघून झालं की लोक मसाईमाराचं नाव काढतात. त्यांनी पिवळ्या तापाची लस विसरायची नाही. ती किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी लागते. दाखला आयुष्यभर चालतो, पण तो नसेल तर परत येताना भारतातच विलगीकरणात ठेवू शकतात. दुबईकडे जाणाऱ्यांचं वेगळंच. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असून एकच नाव असेल, तर नोव्हेंबर २०२२ पासून यूएई अशा प्रवाशाला पर्यटक म्हणून सहसा घेत नाही. आपल्या ग्रामीण भागातल्या जुन्या पासपोर्टांवर असं एकेरी नाव मी अनेकदा पाहिलंय.

पासपोर्टच्या मुदतीवर जरा जास्त थांबते, कारण सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, यूएई अशा ठिकाणी पोचताना पासपोर्टला सहा महिने शिल्लक लागतात. युरोपात शेंगेन भागातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटातून निघाल्यावर तीन महिने शिल्लक हवेत, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहानांचा पाचच वर्षांचा. आईबाबांनी स्वतःचे २०३१ पर्यंतचे बघितले, मनात पक्कं केलं, आणि धाकटीचा चार महिन्यांनी संपणारा पासपोर्ट कोणी उघडलाच नाही. एक कुटुंब निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर बसलं होतं, आणि आई त्या छोट्या पासपोर्टचं शेवटचं पान परत परत उलटत होती, जणू आत कुठेतरी दुसरी तारीख सापडेल. तत्काळमध्ये अर्ज टाकला, पण सहल नऊ दिवस पुढे गेली. तेव्हापासून माझ्या टेबलवर सगळे पासपोर्ट एकत्र आल्याशिवाय मी तिकीट काढत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाचा आज, एकाचा उद्या असे फोटो पाठवले तरी मी थांबते.

आणि ते पासपोर्ट मी कसे वाचते ते सांगते, घरी तुम्हीही करून बघा. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, मोठी रोमन अक्षरं आणि मधे बाणासारख्या खुणा. त्या ओळींखाली पट्टी ठेवायची आणि दुसऱ्याने तिकिटावरचं नाव मोठ्याने, एक-एक अक्षर वाचायचं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते पासपोर्टवर आहे आणि तिकिटावर नाही, असं होतं. लग्न झालेल्या मुलींचं तर फार होतं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, तिकीट सासरच्या. नव्या नवरीला हनिमूनच्या पहिल्याच दिवशी काउंटरवर ‘या तुम्हीच का?’ हे ऐकावं लागणं फार वाईट. घरच्यांनी लाडाने लावलेलं आडनाव तिकिटावर नको, पासपोर्टवर आहे तेच हवं. व्हिएतनामच्या ई-व्हिसात जन्मतारखेचा दिवस आणि महिना उलटा पडला किंवा पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी ‘ओ’ आला, तरी तो व्हिसा तुमचा धरत नाहीत. तोही याच पट्टीने तपासायचा.

आता तुमची दिवाळी. तुमचा पासपोर्ट आहे, तो आजच आलमारीतून काढून बघा, मुदत किती आहे, कुठे फाटलाय का, पावसाळ्यात ओल लागून पान सुटलंय का. पत्नीचं नाव मतदार यादीत आहे आणि कार्ड हरवलंय, असं तुम्ही लिहिलंय. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर फॉर्म ८ भरून बदली कार्ड मागवा. नाव यादीतच नसेल तर फॉर्म ६. कार्ड हातात यायला आठवडे लागतात, म्हणून या आठवड्यातच भरा. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, खरं कार्ड हवं. त्यापेक्षा मी तर म्हणेन की पत्नी आणि मुलगा दोघांचे पासपोर्टच काढा. मोठ्यांचं साधं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्तीचे. मुलगा १५ ते १८ मध्ये असल्याने त्याला १८ वर्षांपर्यंतचा १,००० रुपयांत मिळेल, किंवा १,५०० भरून थेट दहा वर्षांचा. दहा वर्षांचाच घ्या. दोन वर्षांत बाहेर शिकायला जायचं ठरलं तर परत रांग नको.

आईवडिलांची आधार कार्डं काढून जन्मतारीख बघा. जुन्या माणसांच्या कार्डावर पुष्कळदा फक्त जन्माचं वर्ष असतं, किंवा १ जानेवारी टाकलेली असते. तुमची आई ६७ वर्षांची आहे, पण कार्डावर वय ६५ च्या आत पडत असेल तर दिल्लीत तिलाही अडवतील. तसं असेल तर दोघांची मतदार कार्डं सोबत घ्या, त्या पिढीकडे ती जपून ठेवलेली असतात.

मुलाचा पासपोर्ट वेळेत आला नाही तर प्राचार्यांचा ओळख दाखला लागेल. तो ठरलेल्या नमुन्यातच हवा, कॉलेजच्या लेटरहेडवर साध्या दोन ओळी लिहून आणलेला नको. फोटोवर शिक्का आणि सही आहे का ते बघून घ्या. आणि दिवाळीची सुट्टी लागली की कॉलेजात सही करायला कोणी भेटत नाही, म्हणून हा दाखला सहामाही परीक्षा संपायच्या आधी घेऊन ठेवा. दिल्ली–काठमांडूचं तिकीट त्यानंतर काढा, आणि या वेळी नागपूरपासून एकाच पीएनआरवर.